रात्रीची बाटली, चहातलं बिस्कीट आणि लेकरांचे दात : तुमचे अनुभव लिहा

मुलगी पावणेदोन वर्षांची असताना तिच्या वरच्या चार दातांवर, अगदी हिरडीलगत, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. वाटलं, दूध चिकटलंय. ओल्या फडक्याने पुसलं, जाईना. दोन महिन्यांत ती रेघ तपकिरी झाली. दंतवैद्य बाईंचा पहिलाच प्रश्न, "रात्री बाटली देता?" देत होतो. दुधात चमचाभर साखर, आणि बाटली तोंडात ठेवूनच ती झोपायची. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध दातांवर साचून राहतं. खालच्या दातांवर चोखताना जीभ येते, म्हणून ते बचावले. "दुधाचेच दात, पडायचेच आहेत," असं घरातल्या सगळ्यांनी ऐकवलं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, त्यांच्यावरच मूल जेवतं. ठणका लागून रात्रभर रडणारं मूल ज्यांनी मांडीवर घेतलंय, त्यांना हे सांगायला नको. तुमच्याकडे काय झालं, खाण्यात काय बदललंत, ते मोकळेपणाने लिहा.

डोंबिवलीहून, एक बाबा
आमच्याकडे मिठाई सणावारीच. तरी मुलाच्या चार दाढा किडल्या. डॉक्टरांनी तीन दिवस खाण्याची वही लिहायला लावली. सकाळी दुधात बुडवून बिस्कीट, बसमध्ये एक, डब्यात जॅम-पोळी, घरी आल्यावर आजोबांच्या चहाबरोबर दोन, क्लासला जाताना खोक्यातला ज्यूस, झोपताना चॉकलेट पावडरचं दूध. मोजलं तर दिवसाला सहा वेळा! प्रत्येक वेळी तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणजे त्याच्या दातांना दिवसभर उसंतच नव्हती. स्वीडनमध्ये विपेहोम इथे 1945 नंतर झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं : जेवणासोबतच्या गोडापेक्षा अधल्यामधल्या चिकट टॉफीने दात कितीतरी जास्त किडले. (तो प्रयोग संस्थेत ठेवलेल्या मतिमंद माणसांवर केला होता, हे वाचून फार वाईट वाटलं.) आता बिस्कीट हवंच असेल तर जेवणाबरोबर. मधल्या वेळेला शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं. पहिला आठवडा घर डोक्यावर घेतलं होतं त्याने. पुरणपोळी मात्र पोटभर खातो, खाऊ दे.

वाईहून, आजी
नातवाला भरवणारी मीच. साखर वाईट म्हणून गूळ द्यायचे, गुळाची चिक्की, खजूर. सूनबाईंनी सांगितलं ते पटलं नाही. दंतवैद्यांनी मला बोलावून आरशात त्याची दाढ दाखवली, फटीत चिक्कीचा कण तसाच बसलेला. गूळ पौष्टिक असेल, दाताला त्यात फरक कळत नाही. आता चिक्की जेवणाच्या शेवटी, मग खळखळून चूळ, आणि रात्री त्याचे दात मी स्वतः घासते. आधी ऐकायला हवं होतं.

ठाण्याहून
एक भर : रात्रीचं खोकल्याचं औषधही बहुतेक वेळा पाकासारखं गोड असतं. आम्ही वर्षभर ते पाजून लगेच झोपवत होतो.

यवतमाळ जिल्ह्यातून, एक शिक्षक
आमच्या भागातलं दुखणं वेगळं आहे, पण तेही रोजच्या पोटात जाण्यातलंच. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते असू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असताना असं पाणी पोटात गेलं की ते पिवळट-तपकिरी पट्टे घेऊनच बाहेर येतात. घासून जात नाहीत. माझ्या थोरलीला वर्गात "दात घासत नाहीस का?" असं विचारलं गेलं तेव्हापासून ती तोंडावर हात ठेवून हसते. मुलांना असं बोलू नका, कळकळीने सांगतो. पाणी तपासून घ्या. धाकट्याच्या जन्माआधीपासून आम्ही प्यायला आणि रांधायला दुसरीकडचं, तपासलेलं पाणी आणतो. त्याचे कायमचे पुढचे दोन दात गेल्या महिन्यात आले. पांढरे आहेत.