चष्म्याच्या काचांवर वाफ धरू नये म्हणून घरच्या घरी काय करावं?

धूसर_नजर:
मास्क लावला की पाच श्वासांत काचा पांढऱ्या होतात. गरम भांड्यावरचं झाकण उचललं तरी तेच. काचा प्लास्टिकच्या आहेत, वर अँटिग्लेअर कोटिंग आहे. टूथपेस्ट, शेव्हिंग फोम, व्हिनेगर, कापलेला बटाटा, भांड्यांचा साबण असे सगळे उपाय ऐकले. यातला कोणता खरंच चालतो आणि कोटिंगला धक्का लावत नाही? साबण लावून पाहिला, तर काचेवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे राहिले. प्रमाण किती घ्यायचं, आणि नंतर धुवायचं की पुसायचं?

साबणपाणी:
भांडी घासायचा पातळ साबण. बाकीची यादी बाजूला ठेवा.

काचेवर पाणी जमायचं थांबत नाही, हे आधी लक्षात घ्या. बाहेर पडणारा श्वास साधारण 34 अंशांचा आणि ओलाव्याने भरलेला असतो, काच त्याहून थंड. पाणी जमणारच. फक्त ते सुट्या बारीक थेंबांच्या रूपात बसलं तर प्रकाश विखुरतो आणि काच पांढरी दिसते. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब उभे न राहता पसरून एकमेकांत मिसळतात आणि सपाट पातळ पडदा होतो. त्यातून आरपार दिसतं.

पद्धत दोन टप्प्यांची. आधी नळाच्या साध्या पाण्याखाली धूळ वाहून जाऊ द्या. कोरडी धूळ पुसली की ओरखडे ठरलेले. मग बोटावर साबणाचा एकच थेंब घेऊन काचा दोन्ही बाजूंनी चोळा. काचेची कड आणि नाकावरचे पॅड विसरू नका, चेहऱ्याचं तेल तिथेच साचतं आणि पुसताना काचेवर येतं. हे सगळं स्वच्छ धुऊन टाका. आता वाटीभर पाण्यात (150 मिली धरा) साबणाचे 3-4 थेंब ढवळा, चष्मा बुडवा, बाहेर काढून झटका आणि या वेळी धुऊ नका. काचा कशाला टेकणार नाहीत असा ठेवून वाळू द्या. शेवटी धुतलेल्या मऊ सुती कापडाने, अगदी हलक्या हाताने, काच पारदर्शक दिसेपर्यंतच पुसा.

पट्टे राहिले याचा अर्थ थर जाड झाला. काचेवर तोंडाने वाफ सोडा आणि कापडाच्या कोरड्या घडीने एकदा फिरवा, जादा साबण निघून येतो. 'हात मऊ ठेवणारा' साबण किंवा हँडवॉश नको, त्यातला तेलकट अंश मागे राहतो. पाणी जड असेल तर अंगाची वडीही नको. तिचा पांढरा साका काचेवर बसतो.

काडी_आणि_फ्रेम:
वरच्या पद्धतीशी सहमत, आणि ती ऐकीव नाही. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स ऑफ इंग्लंडच्या नियतकालिकात 2011 साली मास्क लावून काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी हेच सुचवलं होतं: साबणाच्या पाण्यात धुवा, झटका, वाळू द्या.

आता कोटिंगचं. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची पूड असते, दात घासायला ठीक, प्लास्टिकच्या काचेवर मात्र पॉलिश पेपरच. व्हिनेगर आणि अमोनिया असलेलं खिडक्या पुसायचं द्रावण वारंवार वापरलं तर कोटिंग उतरायला लागतं. गरम पाणी तर नकोच: प्लास्टिक जास्त प्रसरण पावतं, वरचा थर तेवढा पावत नाही, मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात आणि त्या कायमच्या. शेव्हिंग फोम चालतो, पण तोही शेवटी साबणच. वर सुगंधी द्रव्यं, डोळ्याला झोंबणारी. बटाट्याच्या स्टार्चचे डाग पडतात. त्यापेक्षा बेबी शॅम्पू बरा, पाणबुडे मास्कच्या काचेला तोच लावतात.

अँटिग्लेअरवर बहुधा पाणी-तेल न चिकटणारा आणखी एक थर असतो. साबणही त्याच्यावर नीट टिकत नाही. त्यामुळे परिणाम काही तासांतच ओसरला तर पद्धत चुकली असं समजू नका, रोज सकाळी पुन्हा करा. काचेला कारखान्यातूनच वाफरोधक कोटिंग असेल तर मात्र यातलं काही न करता सोबतच्या सूचना पाळा.

नाकावरची_तार:
मास्कच्या बाबतीत निम्मं काम काचेवर नाही, नाकावर आहे. तार एका हाताच्या चिमटीत दाबली तर मधोमध तंबूसारखं टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट पडते. दोन्ही हातांची बोटं नाकाच्या मध्यावर ठेवून गालांकडे सरकवत दाबा. तरी हवा वर येत असेल तर टिश्यूची चार पदरी, दोनेक सेंटिमीटर रुंद पट्टी मास्कच्या वरच्या कडेच्या आत ठेवा, आणि चष्मा मास्कच्या कडेवर बसवा. कानाच्या दोऱ्यांना गाठी मारून बाजूच्या फटी बंद करायच्या असतील तर त्या नाकाची फट बंद केल्यावरच, नाहीतर तीच हवा वर ढकलली जाते.

एसीतून बाहेर आल्यावरची वाफ वेगळी, तिथे श्वासाचा संबंध नाही. बाहेर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर 26 अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं, मग 24 अंशांची काच कशी सुटेल? अशा वेळी लगेच पुसू नका, साबणाचा थर निघून जाईल. काच बाहेरच्या हवेइतकी तापली की आपोआप साफ होते.

धूसर_नजर:
पट्टे गेले. 'हा' करून बघितलं तर काच क्षणभर करडी होऊन कडेकडून मोकळी होते. फक्त नाकाजवळ खाली वाटाण्याएवढा ठिपका पांढरा राहतो, दोन्ही काचांवर.

साबणपाणी:
तिथे पॅडचं तेल आहे. पॅडच्या मागची खाच जुन्या मऊ टूथब्रशने साबण लावून घासा (काचेला ब्रश लागू देऊ नका) आणि दुसरा टप्पा परत करा. कापडही एकदा धुऊन घ्या, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता. त्याचा तेलकट थर कापडावर राहतो आणि पुसताना काचेवर येतो.