एमसीआयएममध्ये निगेटिव्ह कंट्रोलच १७ मिमीवर, काय तपासायचं?

कोपरखैरणे_बेंच
युरिनमधला क्लेब्सिएला हा जंतू मेरोपेनेमला (कार्बापेनेम गटातलं औषध) रेझिस्टंट आला. तो कार्बापेनेमेज, म्हणजे हे औषध मोडणारं एन्झाइम, बनवतो का हे पाहायला एमसीआयएम लावलं: मेरोपेनेमची डिस्क जंतूसोबत ब्रॉथमध्ये ठेवून मग ई. कोलायच्या प्लेटवर लावायची आणि डिस्कभोवतीचा वाढ नसलेला झोन मोजायचा. सोबत ईसीआयएम, म्हणजे तेच ईडीटीए घालून; त्याने झोन वाढला तर एन्झाइम ‘मेटॅलो’ प्रकारचं. पॉझिटिव्ह कंट्रोलचा (एन्झाइम बनवणारा स्ट्रेन बीएए-१७०५) झोन ६ मिमी, ठीक. निगेटिव्ह (एन्झाइम न बनवणारा) बीएए-१७०६ मात्र १७, आणि पेशंटचा स्ट्रेनही १७. डिस्कचा लॉट नवा आहे. पेशंटच्या ईसीआयएम डिस्कला २३. फरक ६ मिमी, वॉर्डातून फोनवर फोन. ‘मेटॅलो’ लिहून मोकळं व्हावं का?

घोडबंदर_मायक्रो
नका लिहू. एमसीआयएम पॉझिटिव्ह असेल तरच ईसीआयएम वाचायचं. ६ ते १५ पॉझिटिव्ह. १६ ते १८ मध्ये झोनच्या आत टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी असतील तर तेही पॉझिटिव्ह. कॉलनी नसतील तर अनिर्णित. १९ आणि पुढे निगेटिव्ह, पण तिथेही आत कॉलनी दिसल्या तर अनिर्णितच. आणि इथे तर कंट्रोलच फेल आहे, म्हणजे अख्खा रन बाद.

निगेटिव्हचा झोन लहान, म्हणजे औषध आधीच कमी पडतंय किंवा प्लेट त्याला पसरू देत नाही. हे वेगळं करायचं असेल तर ई. कोलाय २५९२२ च्या लॉनवर (प्लेटभर पसरलेल्या जंतूंच्या थरावर) कोरडी मेरोपेनेम १० मायक्रोग्रॅम डिस्क आणि शेजारी सेफ्टाझिडिम (दुसरं अँटिबायोटिक) ३० ठेवा. मेरोपेनेम २८ ते ३५, सेफ्टाझिडिम २५ ते ३२ यायला हवं. फक्त मेरोपेनेम घसरलं तर दोष डिस्कचा. दोन्ही घसरली तर आगर जाड आहे (९० मिमी प्लेटला साधारण २५ मिली, म्हणजे ४ मिमी) किंवा लॉन ०.५ मॅकफारलंडपेक्षा (जंतूंच्या द्रावाच्या गढूळपणाचं माप) दाट.

माझा संशय डिस्कवर. आपल्याकडच्या पावसाळ्यात थंड कार्ट्रिज लगेच उघडलं की त्यावर बाष्प धरतं आणि मेरोपेनेम ओलाव्यात टिकत नाही. उघडण्याआधी तासभर बंदच बाहेर ठेवा. साठा उणे २० ला, पण फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये नको. त्याचं तापमान वरखाली होत राहतं.

ऐरोली_ताई
वरच्यात भर. २ मिली टीएसबी ब्रॉथमध्ये रात्रभराच्या ताज्या कल्चरची १ मायक्रोलिटर लूप (स्यूडोमोनास असेल तर १०), १०-१५ सेकंद व्हॉर्टेक्स, डिस्क पूर्ण बुडलेली हवी. ३५ अंशांना ४ तास, पंधरा मिनिटं इकडेतिकडे चालतील. जेवण करून निवांत काढू म्हणून सहा तास गेले की ब्रॉथमध्ये मेरोपेनेम आपोआप मोडतं आणि निगेटिव्हही लहान दिसतो! काढताना १० मायक्रोलिटरच्या लूपने डिस्क ट्यूबच्या कडेला दाबून पाणी निथळवा, नाहीतर लॉनवर ओघळ येतो आणि झोन वेडावाकडा होतो.

ईडीटीए (धातूचे आयन पकडून मेटॅलो एन्झाइम थांबवणारं रसायन) ०.५ मोलरचं, २० मायक्रोलिटर दुसऱ्या ट्यूबला. १०० मिलीला डायसोडियम डायहायड्रेट १८.६१ ग्रॅम, पीएच ८ केल्याशिवाय ते विरघळतच नाही. ईसीआयएमच्या झोनमधल्या बारीक कॉलनी धरायच्या नाहीत. दोन्ही डिस्क एकाच वेळी लावा.

घोडबंदर_मायक्रो
ताई, बरोबर. आणखी एक: एनडीएमसोबत (मेटॅलो एन्झाइम) ओएक्सए-४८ (मेटॅलो नसलेलं) असला तर ईडीटीए घालूनही दुसरं एन्झाइम मेरोपेनेम खातच राहतं, झोन वाढत नाही आणि ईसीआयएम निगेटिव्ह भासतो. आपल्या भागात दोन्ही जीन सर्रास सापडतात, म्हणून ‘मेटॅलो नाही’ असं कधी लिहू नका. शक्य असेल तिथे जीन एक्सपर्ट (जीन शोधणारी चाचणी) किंवा इम्युनोक्रोमॅटोग्राफी (एन्झाइम ओळखणारी पट्टी). क्लिनिशियनला फरक पडतो: सेफ्टाझिडिम-अॅविबॅक्टम केपीसी (हेही मेटॅलो नसलेलं) आणि ओएक्सए-४८ वर चालतं, एनडीएमवर एकटं चालत नाही, सोबत अॅझट्रिओनाम लागतं.

कोपरखैरणे_बेंच
कोरड्या डिस्क लावल्या: मेरोपेनेम २५, सेफ्टाझिडिम २८. मग वॉर्डाला आज काय सांगू?

ऐरोली_ताई
डिस्कच मेली. पेशंटचा रेझिस्टंट रिझल्टही त्याच लॉटचा असेल तर तोही ग्राह्य नाही. दुसऱ्या लॉटने किंवा एमआयसीने (जंतू रोखायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण मोजून) आधी तो पक्का करा. फोनवर एवढंच कळवा की मेरोपेनेम कन्फर्म होतंय, कार्बापेनेमेजचा निकाल रिपीटनंतर.