एफएमआरआयच्या (मेंदूचे काम चालू असताना घेतलेल्या एमआरआयच्या) चित्रातील रंगीत डाग नेमके कशाचे असतात?

प्रश्न : ‘प्रेमात पडल्यावर मेंदूचा अमुक भाग उजळतो’ अशा बातम्यांसोबत करड्या मेंदूवर लाल-पिवळे डाग असलेली चित्रे छापलेली असतात. यंत्राला खरोखर विचार दिसतो का? माझ्या स्वतःच्या एमआरआयच्या फिल्ममध्ये तर एकही रंग नव्हता.

उत्तर १ : तुमच्या फिल्ममध्ये रंग दिसणारही नाही, कारण बातम्यांतील हे रंग संगणकावरील आकडेमोडीनंतर चढवलेले असतात. चेतापेशी सक्रिय झाल्या की तेथे प्राणवायूयुक्त रक्त गरजेहून जास्त येते आणि प्राणवायू असलेल्या व नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असल्यामुळे यंत्राला मिळणाऱ्या संकेतात अल्पसा, बहुधा एखाद-दोन टक्क्यांचा, बदल होतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० मध्ये हे तत्त्व मांडले. थोडक्यात, दिसतो तो रक्तप्रवाहाचा माग, आणि तोही पाच-सहा सेकंद उशिराने.

उत्तर २ : आकडेमोडीत गफलत झाली तर काय होते, याचा मासला (शब्दशः मासाच!) पाहा. क्रेग बेनेट हे संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’, आणि त्याच्या मेंदूत ‘सक्रिय’ ठिपके सापडले. हजारो ठिपक्यांची स्वतंत्र चाचणी घेतली की काही निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होतात. आकडेमोडीत या योगायोगासाठी योग्य दुरुस्ती करताच ते नाहीसे झाले. या कामाला २०१२ मध्ये इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळाले.

प्रश्नकर्ता : मग ॲमिग्डाला (भीतीशी जोडला जाणारा मेंदूतील छोटा भाग) उजळला म्हणजे भीती वाटली, हेही खरे नव्हे?

उत्तर १ : तेवढ्यावरून तसे ठरवता येत नाही. तो भाग आनंददायक किंवा नवख्या गोष्टींनाही प्रतिसाद देतो.