टेक्सास, रिओ ग्रान्दे व्हॅली: सायन्स अकॅडमी की घराजवळचं हायस्कूल? सल्ला हवा आहे

मंडळी, एका निर्णयापाशी अडलोय. मॅकॅलन, एडिनबर्ग, ब्राउन्सव्हिल या भागात मुलं वाढवलेलं कोणी इथे असेल तर जरूर लिहा.

आम्ही डॅलसहून मॅकॅलनला आलो. मेक्सिकोची हद्द इथून अगदी जवळ. हिदाल्गो काउंटीत दहातले नऊ जण हिस्पॅनिक, लेकीच्या वर्गात भारतीय ती एकटीच. निघताना ओळखीच्यांनी "तिकडे शाळांचं काय करणार?" म्हणून फार घाबरवलं होतं. आता ती आठवीत आहे आणि आमच्यापुढचा पेच एका फार चांगल्या शाळेमुळे पडलाय.

साऊथ टेक्सास आयएसडी हा कॅमेरॉन, हिदाल्गो आणि विलासी या तीन काउंट्यांतल्या मुलांसाठी सरकारी शाळा चालवणारा डिस्ट्रिक्ट. त्यांची मर्सिडीज गावातली सायन्स अकॅडमी देशाच्या क्रमवारीत वरच्या शाळांमध्ये असते. फी नाही, बस डिस्ट्रिक्टची, प्रवेश अर्ज करून. बहुतेक मुलं इथल्याच हिस्पॅनिक घरांतली.

आम्ही शाळा बघायला गेलो तेव्हा बारावीतली एक मुलगी सर्किटची वही उघडून समजावत होती. शेजारी तिची आजी. आम्हाला दोन वाक्यं इंग्रजीत, लगेच तेच आजीला स्पॅनिशमध्ये, अगदी ओहमच्या नियमासकट. आजी बोट ठेवून "हे काय?" विचारायची आणि पोरगी न कंटाळता पुन्हा सांगायची. आमच्या लेकीने तिथेच ठरवून टाकलं.

ज्यांना अजून "अशा वस्तीत कसलं शिक्षण" वाटतं, त्यांना ईस्ट लॉस एंजेलिसच्या हिस्पॅनिक वस्तीतल्या गारफील्ड हायस्कूलचं 1982 साल सांगावंसं वाटतं. गणिताच्या हायमे एस्कलान्ते सरांची 18 मुलं एपी (हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) कॅल्क्युलस पास झाली, तर परीक्षा घेणाऱ्यांनाच संशय आला. 12 जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि सगळे पास झाले. इतक्या वर्षांनीही आपल्याच लोकांच्या तोंडून तोच संशय ऐकला की वाईट वाटतं.

आता खरी अडचण: रँक. टेक्सासच्या 1997च्या कायद्याने शाळेतल्या पहिल्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात मात्र थेट प्रवेशाच्या जागांवर मर्यादा आहे, त्यामुळे तिथली रेषा सहा टक्क्यांवर होती आणि 2026च्या प्रवेशापासून पाचवर आली. रँक ज्याच्या त्याच्या शाळेतली धरतात. दीडशे मुलांच्या बॅचमध्ये पाच टक्के म्हणजे जेमतेम सात मुलं! अकॅडमीत सगळेच अभ्यासू, तिथे त्या सातांत येणं किती कठीण असेल. घराजवळच्या शाळेत ती बहुधा वरच राहील, शिवाय साऊथ टेक्सास कॉलेजचे ड्युअल क्रेडिट (शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे धरले जाणारे) कोर्सही करता येतील. नवऱ्याचं म्हणणं हेच.

माझा कल अकॅडमीकडे आहे. तिला इंजिनियरिंग हवंय, आणि ऑस्टिनचा थेट प्रवेश विद्यापीठापुरताच असतो, हवी ती शाखा मिळेलच असं नाही. मग निव्वळ रँकसाठी चार वर्षं कमी अवघड अभ्यासात काढायची, हे मला पटत नाही.

ज्यांची मुलं तिथे शिकली त्यांना विचारायचंय: रँक मधली असलेल्या मुलांना पुढे कुठे प्रवेश मिळाले? मॅकॅलनकडून बसने रोज जाऊन-येऊन झोप पुरते का, की शेवटी आई-बापच गाडीने सोडतात? नववीनंतर मन बदललं आणि परत घराजवळच्या शाळेत आलं, तर आधीचे मार्क रँकमध्ये कसे धरतात? आणि स्पॅनिश: वर्गातल्या बऱ्याच मुलांची ती घरची भाषा. आमच्या मुलीने एपी स्पॅनिश घ्यावं का?

अर्जाची मुदत जवळ आलीय. इथे लिहायचं नसेल तर विपु (विचारपूस) केलीत तरी चालेल.