ऑपरेशनआधी डॉक्टर सगळं मलाच सांगतात, भावाला नाही. काय करावं?

धाकटी_बहीण:
मोठा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे, साईन लँग्वेजमध्ये बोलतो, नोकरी करतो, स्वतःचे व्यवहार स्वतः बघतो. आता त्याचं ऑपरेशन आहे आणि डॉक्टर माझ्याकडे बघून बोलतात, "त्यांना सांगा" म्हणतात. मला घरातल्यापुरती साईन येते हो, भूल, रक्त पातळ करायच्या गोळ्या, धोका किती, हे कसं सांगणार? डॉक्टर बराच वेळ बोलले पण भावापर्यंत पोचलं ते "काळजी करू नका" एवढंच. इंटरप्रिटर मागितला तर म्हणे तुम्ही आहात ना. पण फॉर्मवर सही त्याची लागणारे! जास्त मागतेय का मी?

उडता_पतंग:
लिहून दाखवायचं की सरळ. नाहीतर सावकाश बोलायचं, ओठ वाचतात ना ते लोक.

दोन_हात:
@उडता_पतंग मी स्वतः बहिरा आहे. ओठ वाचणं म्हणजे निम्मा अंदाज, प ब म ओठांवर सारखेच दिसतात, पाय की माय ते मी पुढच्या-मागच्या शब्दांवरून ताडतो आणि समोरच्यानं मास्क लावला की तेही संपलं. लिहिणं काहींना चालतं, सगळ्यांना नाही. साईनचं व्याकरण वेगळं आहे, लिहायची भाषा आमच्यातल्या कित्येकांची दुसरी भाषा, तीही न ऐकता शिकलेली. शाळेत तरी नीट शिकवली का? १८८० मध्ये मिलानच्या परिषदेत ठराव झाला की बहिऱ्या मुलांना तोंडी बोलूनच शिकवायचं, मग किती देशांत वर्गातून साईन हद्दपार, पोरं उच्चार घोटत बसली आणि विषय राहिला बाजूला. खेद व्यक्त केला कधी, तर २०१० च्या व्हँकुव्हर परिषदेत. १३० वर्षांनी!

मधला_माणूस:
मी इंटरप्रिटरचं काम करते. ताई, मागणं अजिबात जास्त नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात साईनला भाषाच धरलंय, कलम ९ मध्ये प्रशिक्षित दुभाषे आलेत आणि कलम २५ म्हणतं की उपचार नीट समजून दिलेल्या संमतीनेच व्हावेत. देशोदेशीचे कायदे वेगळे, पण मागणी लेखी करा, अपॉइंटमेंटच्या आधीच, आणि फाईलवर नोंद घ्यायला लावा. अगदीच कोणी नाही मिळालं तर व्हिडिओ कॉलवर इंटरप्रिटर. तो डॉक्टरांच्या शेजारी हवा म्हणजे भावाला दोघं एकदम दिसतील, आणि डॉक्टरांनी बोलायचं ते भावाकडे बघून. घरचे लोक नको म्हणतो कारण वाईट बातमी ते हमखास मऊ करून सांगतात, शिवाय पेशंटला काही खासगी विचारायचं असेल तर बहिणीसमोर कसं विचारणार.

अजून एक, हे कोणी सांगत नाही: सलाईनची सुई तो ज्या हातानं जास्त साईन करतो त्या हाताला नको. तो हात अडकला की माणूस मुका झाला.

उडता_पतंग:
बरं, पण इंटरप्रिटरचे पैसे कोण देणार?

मधला_माणूस:
पेशंट नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं तो खर्च दवाखान्याचा, पेशंटच्या बिलात लावता येत नाही. सगळीकडे असं नाहीये, म्हणून तर भांडावं लागतं.

धाकटी_बहीण:
भावाला सगळं वाचायला दिलं. सुईचं पहिल्या ओळीत टाकतोय. मेल तोच लिहितोय, मला फक्त सीसीत ठेवलंय :)