गायरानावरच्या भूछत्रांची नोंद: पट्टे किती, फेऱ्या किती, नमुने कसे ठेवायचे?

मुरूममाती (प्रश्न)
पुरंदर तालुक्यातल्या ३ गायरानांवर जून ते ऑक्टोबर भूछत्रांचं सर्वेक्षण करायचं ठरतंय. जमीन उथळ, मुरमाड. गवत मुख्यतः कुसळी आणि थोडं मारवेल, गुरं-शेळ्यांची चराई रोजची, वारुळं भरपूर. माणसं ४, वजनकाटा आणि साधा मायक्रोस्कोप आहे. तीन शंका आहेत. दिसेल ते टिपत फिरायचं की पट्टे आखायचे? फोटोवर भागतं की नमुना घ्यायलाच हवा? आणि पावसाळी हवेत नमुने वाळवायचे कसे?

बीजाणू
पट्टे आखा. नुसतं फिरलात तर यंदाची संख्या पुढच्या वर्षीच्या संख्येशी ताडता येत नाही. प्रत्येक गायरानावर १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद असे ३ पट्टे पुरेत, म्हणजे १,२०० चौरस मीटर. मधून दोरी टाकायची, दोन्ही बाजूंना २-२ मीटर बघत चालायचं. एका पट्ट्याला निदान अर्धा तास द्या. गवत घोट्याच्या वर गेलं की काठीने बाजूला सारत चाला, नाहीतर बोटाएवढी छत्री नजरेतून सुटते.

पट्ट्याची टोकं फोनच्या जीपीएसवर सोडू नका. त्याची चूक ५ ते १० मीटर येते आणि तुमचा पट्टाच ४ मीटरचा आहे. लोखंडी खुंट्या माळावर टिकत नाहीत. जमिनीत रुतलेल्या दगडाला रंग द्या आणि जवळच्या दोन झाडांपासूनचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा.

फेरी दर ७-१० दिवसांनी, शिवाय जोराचा पाऊस झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी एक जादा. सकाळी ९च्या आत पोचा, कारण शेणावरच्या शाई-छत्र्या दुपारपर्यंत वितळून काळं पाणी होतात. पावसाचे आकडे कृषी विभागाच्या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय मिळतात, ते प्रत्येक फेरीसमोर लिहा.

आणि काहीच मिळालं नाही त्या दिवशीही तारीख, वेळ लिहून '०' टाका. तो शून्य नसेल तर पुढे कुणालाच कळत नाही की भूछत्र नव्हतं की माणूस गेला नव्हता.

वारूळवाट
फोटोवर भागत नाही. गायरानावर हमखास गल्लत होते ती पांढऱ्या मोठ्या छत्र्यांची. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस विषारी आहे, खाल्ल्यावर साधारण १ ते ३ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. कोवळेपणी त्याच्या खालच्या पापड्या पांढऱ्याच असतात. ओळख पटते ती बीजाणूंच्या (पापड्यांतून गळणाऱ्या बारीक भुकटीच्या) ठशावर, तो हिरवट येतो. वारुळावरच्या अळंबीचा, म्हणजे टर्मिटोमायसिसचा, ठसा फिकट गुलाबीसर.

ठसा असा घ्या: देठ कापून टोपी पापड्या खाली करून काचेच्या पट्टीवर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब टाका, वाटी पालथी घाला, ६ ते ८ तास हलवू नका. मग काच आधी पांढऱ्या आणि नंतर काळ्या कागदावर धरून रंग बघा. एका वाटीखाली एकच टोपी. पूर्ण उमललेली टोपीच घ्या, कोवळी ठसा देत नाही. अळ्या पडलेली असेल तर ठसा फिसकटतो.

टर्मिटोमायसिस उपटू नका. देठापासून वीतभर लांब खुरप्याने खड्डा घेत आत सरका. देठ खाली मुळीसारखा निमुळता होत जातो आणि वाळवी ज्यावर बुरशी वाढवते त्या स्पंजासारख्या भुसभुशीत पोळ्याला जाऊन मिळतो, त्यावर साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे दिसतात. एका गटातलं एकच असं खणा आणि माती परत लोटा. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पसला ही मुळी नसते. वाळवीने बाहेर टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर ती शेकड्यांनी येते. तिथे नग मोजत बसू नका, 'गट १, अंदाजे इतके' असं लिहा.

वारुळावर शिजलेल्या अंड्यासारखं लांबट, न उमलणारं, कडक देठाचं दिसलं तर पोडॅक्सिस. ठसा मिळणार नाही, फोडून आतली काळपट भुकटी बघा.

मुरूममाती
आभार. वाळवणाचं राहिलं. आणि शेणावरचे नमुने घरी पोचेपर्यंत चिखल होतात.

बीजाणू
प्लास्टिकच्या पिशवीत घालता का? त्यात घाम सुटतो. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पट्ट्या घालून कप्पे करा, प्रत्येक नमुना वर्तमानपत्रात सैल गुंडाळा. चिठ्ठी आत, शिसपेन्सिलीने. बॉलपेनची शाई ओलीत फुटते. पॅनिओलससारख्या शेणावरच्यांसोबत शेण गाईचं, म्हशीचं की लेंडी, ताजं की जुनं, हे लिहायचंच. ताजेपणचा रंग, वास आणि कापल्यावरचा बदल जागेवरच टिपा, वाळल्यावर हे तिन्ही जातात.

वाळवण फळं वाळवायच्या यंत्रात ४० ते ४५ अंशांवर, जाड टोपी उभी चिरून. मोडताना कट्ट आवाज आला की झालं. जास्त आच दिली तर नमुना शिजतो आणि डीएनए खराब होतो. डीएनएसाठी पापडीचा तांदळाएवढा तुकडा वाळवण्याआधीच सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या खड्यांत) घाला, फॉर्मॅलिनमध्ये कधीच नाही. वाळलेला नमुना झिप पिशवीत सिलिकासह, आणि किडे मरावेत म्हणून काही दिवस डीप फ्रीजमध्ये.

पक्क्या नोंदीसाठी नमुना वनस्पतिसंग्रहात गेलेला बरा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा अजरेकर संग्रह आहे. नमुने पाठवायच्या आधी त्यांची पद्धत विचारून घ्या.

वारूळवाट
एक राहिलं. युरोपात खत न टाकलेली गवताळ जमीन मेणछत्र्यांच्या (मेणचट टोपीच्या भूछत्रांच्या) प्रजाती मोजून पारखतात. ते आकडे इथे लावू नका, आपल्या माळाची बुरशी वाळवी आणि शेणावर उभी आहे. तीन पावसाळे तरी झाल्याशिवाय 'हे इथून गेलं' असं लिहू नका.

गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतं, तेव्हा आधी तिथल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा आणि यादी लोक जैवविविधता नोंदवहीत घाला. गुराख्यांकडून स्थानिक नावं घ्या. पण अळंबी येणारी वारुळं कुठली हे घराघरांत राखलेलं असतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना त्या जागा अस्पष्ट ठेवा.