खेळायची कणीक घरी कशी करता? मापं आणि अनुभव लिहा

पंचवटीकर
पोळ्यासाठी बाजारात मातीचे बैल मांडलेले पाहिले आणि पोळ्या लाटताना आई हातात द्यायची तो कणकेचा गोळा आठवला. तो संध्याकाळपर्यंत काळा पडून आंबायचा. शिजवलेली कणीक मात्र महिनाभर टिकते. १ वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, १ वाटी पाणी, १ मोठा चमचा तेल, २ चहाचे चमचे क्रीम ऑफ टार्टर. मीठ आणि रंग आधी गरम पाण्यात विरघळवा, नाहीतर मिठाची कणी हाताला टोचते. मैद्याच्या गुठळ्या मोडल्यावरच गॅस लावा. मंद आचेवर ३-४ मिनिटं सतत हलवा. कडा सुटून गोळा झाला, बोटाला चिकटेना, की उतरवा. पहिलं मळणं मोठ्यांनी, कोमट झाल्यावर मुलांनी.

सिडको_आई
वाटी कुठली?

पंचवटीकर
कुठलीही, फक्त सगळ्याला तीच.

द्राक्षबाग
क्रीम ऑफ टार्टर द्राक्षांचंच हो! वाइनच्या टाक्यांना आतून जे स्फटिक धरतात ते शुद्ध करून करतात. नाशिककरांना माहीत हवंच. बेकरीचं सामान मिळतं तिथे मागा. नसेल तर दर चमच्यामागे २ चमचे लिंबाचा रस, तेवढं पाणी कमी. आंबटामुळे स्टार्च थोडा सैलावतो आणि गोळा मऊ राहतो. लिंबाची कणीक आठवड्यात संपवावी.

बालवाडीताई
मोजणं, ओतणं, ढवळणं मुलांना द्या, ३ वर्षांची मुलं नीट करतात. गॅस आपल्याकडे. हाताला चीर किंवा नखुरडं असेल तर मीठ झोंबतं, आधी हात बघून घ्या. आणि घरचंच आहे म्हणून खाऊ देऊ नका, यात मीठ फार असतं. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा, एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

सिडको_आई
बाप रे ताई, कुत्र्याचं माहीत नव्हतं. डबा आत्ताच माळ्यावर!

गंगापूररोड
पावसाळ्यात चिकट होतेच, मीठ हवेतलं पाणी ओढतं. मैदा थापत बसू नका, पुढे भुसभुशीत होते. परत मिनिटभर कढईत परता. थंडीत उलट, चिरा पडतात. तेव्हा पाण्याचा हात लावून मळा. वरून तेल लावलं तर नुसती निसटते, चिरा तशाच. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, झाकणाला घाम येतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

नाशिकरोड_मावशी
पोळ्याचे बैल आमच्याकडे अजून मिळतात. शाडू कुणाकडे सुटी मिळेल का, गणपतीसाठी ५ किलो हवी.

द्राक्षबाग
@मावशी, व्यनि (खासगी निरोप) करतो.

रंगपेटी
ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी: २ वाट्या खायचा सोडा, १ वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी. शिजताना उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखं दिसलं की लगेच उतरवा. गार होईपर्यंत ओलं फडकं झाका. ही वाळून पांढरी, टणक होते, बैलांना हीच घ्या. पाय नुसते दाबून लावले तर वाळल्यावर सुटतात, जोडाला पाण्याचं बोट फिरवा. शिंगांत अगरबत्तीची जळकी काडी घाला. हीही खायची नाही. आणि यात हळद घातली की सोड्यामुळे लाल होते, मुलं हरखून जातात! पिवळा हवा असेल तर हळद लिंबाच्या कणकेत घाला.

सिडको_आई
हळद लाल? आजच करणार 😃 सतरंजीला चिकटलेली कशी काढायची?

बालवाडीताई
ओली पुसू नका, आत शिरते. कडक वाळू द्या, मग ब्रशने खरवडा. उरलेला डाग गार पाण्याने. गरम पाण्याने मैद्याची खळ होते.